सगळं जुळणारं कपाट

धुलाईच्या दुकानात गल्ल्यावर बसणाऱ्या त्या बाईला सगळे मोरताई म्हणत. हे नाव इस्त्रीवाल्या दादांनी ठेवलेलं. कामाच्या पहिल्या दिवशी ती पोपटी शर्ट, त्यावर जांभळा स्वेटर आणि गळ्यात केशरी रुमाल अशा थाटात आली होती. दादांनी इस्त्री उभी करून ठेवली आणि तिला आपादमस्तक न्याहाळलं.

"वाफेनं भरलेल्या या बोळकांडीत मोर कुठून आला नाचत?"

"मोर नर असतो हो दादा. मी लांडोर."

"लांडोर मातकट असते. तू मोरच."

झालं, नाव चिकटलं. म्हातारपणाकडे झुकलेल्या दादांचा स्वभाव त्यांच्या इस्त्रीसारखाच, वरून गरम पण सुरकुती राहू द्यायचा नाही. दोघांची वर्षानुवर्षं छान गट्टी जमली. लोक कपडे आणून टाकायचे, मोरताई एकेक उलगडून डाग शोधायची, चिठ्ठी टाचायची. बोलता बोलता तिची बोटं कॉलर, बाही, खिशाची कड चाचपत राहायची.

तिचा नवरा लेक लहान असतानाच गेला. बाईनं आता जरा साधं राहावं, असं चार जणांनी सुचवून पाहिलं. तिनं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी हळदी रंगाचा फ्रॉक घालून कामावर गेली. लोक काय, दोन्हीकडून बोलतात, असं तिचं म्हणणं. पण लेकीचं बोलणं मात्र तिला लागलं होतं. शाळेच्या फाटकाशी आई उभी दिसली की पोर मान खाली घालून यायची. एकदा म्हणाली, "तू कोपऱ्यावरच थांबत जा ना. सगळ्या मुली हसतात. सर्कस आली म्हणतात." मोरताई तेव्हापासून कोपऱ्यावर थांबू लागली. कपडे मात्र तिनं बदलले नाहीत. एवढा एक हट्ट तिनं आयुष्यभर केला.

लेक मोठी झाली, लांबच्या शहरात नोकरीला लागली, तिथलीच झाली. आणि इकडे मोरताईचे डोळे हळूहळू जायला लागले. आधी कडा पुसट झाल्या. मग गर्द निळा आणि काळा यांतला फरक कळेना. एका गिऱ्हाइकाला तिनं दुसऱ्याचाच कोट दिला. तो माणूस अंत्यविधीला निघाला होता आणि बाह्या त्याच्या बोटांवर लोंबत होत्या. त्यानं दुकान डोक्यावर घेतलं. दादांनी "चूक माझी" म्हणून वेळ मारून नेली.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "गेलं ते परत येणार नाही. आहे ते जितकं टिकेल तितकं."

"रंग कधीपर्यंत दिसतील?"

"तसं सांगता येत नाही. पण आधी रंगच जातात."

घरी येऊन तिनं नेहमीसारखा चहा केला. पण ती तो प्यायलीच नाही. लेकीचा फोन आला तर हवापाण्याचं बोलली.

गंमत अशी, की पुढे कितीतरी महिने कुणाच्या काही लक्षात आलं नाही. हिचे कपडे कधी जुळायचेच नाहीत! हिरव्यावर लाल आला काय अन् लालवर निळा आला काय, लोक म्हणायचे, मोरताईच ती. जन्मभराची हौस अशी अडीअडचणीला कामाला आली.

मग एका सकाळी ती शर्टवर छातीपासून पोटापर्यंत ओघळलेला आमटीचा डाग घेऊन गल्ल्यावर बसली. गिऱ्हाइकं आली, बघून गेली. एका बाईनं तोंडावर रुमाल धरला. शेवटी दादा जवळ आले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "ताई, आत जाऊन शर्ट बदल. मी माझा देतो."

"का? काय झालंय?"

 दादांनी तिचा हात धरून डागावर ठेवला. वाळून कडक झालेलं कापड बोटांना लागलं आणि मोरताईचं तोंड उतरलं. दुसऱ्यांचे डाग शोधण्यात हयात गेलेली बाई! ती आत गेली, दादांचा करडा शर्ट घातला आणि वाफेच्या यंत्राआड बसून रडली. तिथेच तिनं दादांना सगळं सांगितलं.

"लेकीला कळवलंस?"

"नाही. आणि तुम्हीही कळवायचं नाही."

दादांचा तो करडा शर्ट तिच्या मनातून जाईना. अंधारात हात घालून काहीही काढावं आणि ते कशावरही चालावं, असं कपाट हवं. कुणाला विचारायला नको, कुणी हसायला नको. मग दर सुट्टीच्या दिवशी ती दादांना घेऊन कपड्यांच्या दुकानात जाऊ लागली. विकणारी पोरगी फुलाफुलांचं काढायला लागली की मोरताई म्हणायची, "साधं दाखव बाई. अगदी साधं." काळ्या पँटी, गर्द निळ्या पँटी, करडे शर्ट, काळा स्वेटर, बिनकुसरीचा कोट. ती कापड चुरगळून बघायची, बटणं मोठी आहेत ना ते चाचपायची, खिसे खोल आहेत ना ते बघायची. एक पांढरा शर्टही तिनं हट्टानं घेतला.

"पांढऱ्यावर डाग पडला तर?" दादांनी विचारलं.

"तुम्ही आहात ना सांगायला."

रंग बोटांना कळावा म्हणून घरी नेऊन तिनं कपड्यांच्या आतल्या बाजूला दोऱ्याच्या गाठी मारल्या. काळ्याला एक, निळ्याला दोन, पांढऱ्याला तीन, करड्याला काहीच नाही.

जुने कपडे तिनं खिडकीत नेऊन पाहिले. हळदी रंगाचा फ्रॉक उन्हाकडे धरला, तरी तो मातीसारखाच दिसला. पोपटी कुठला हे बाहीच्या शिवणीवरून ओळखावं लागलं. बघण्यासारखं काही उरलंच नव्हतं. सगळं गाठोड्यात बांधून तिनं मागायला आलेल्या बाईला देऊन टाकलं. ती बाई हरखली. "इतके सुंदर रंग! तुम्हाला नकोत?" मोरताईनं दार लोटून घेतलं.

लेक त्यानंतर आली. कपाट उघडून उभी राहिली. काळं, निळं, करडं, नीट घडी घालून ठेवलेलं. मोरताई पलंगावर बसून लेक काय म्हणते याची वाट पाहत होती.

"आई!" लेक म्हणाली. "किती छान! अगं, केवढी बरी दिसतेस तू या कपड्यांत. मी जन्मभर सांगत होते तुला."

मोरताईनं सांगायचं ठरवलेलं सगळं गिळलं. "आवडलं ना?" एवढंच बोलली. लेकीनं तिला मिठी मारली, तिच्या कोटाची कॉलर नीट केली आणि हात धरून तिला बाजारातून मिरवून आणलं. हात धरलेला होता म्हणून मोरताई कुठे अडखळली नाही.

दुसऱ्या दिवशी लेक आईला न सांगता दुकानात गेली. बघते तर गल्ल्यावर दादा वाकून कपड्यांवरचे डाग शोधतायत आणि आई शेजारी बसून ते सांगतील तसं चिठ्ठ्या टाचतेय. दादांनी लेकीला पाहिलं आणि मान खाली घातली; आईनं तिच्याकडे तोंड वळवलं, पण ओळखलं नाही. समजायचं ते ती समजली.

घरी आल्यावर ती आईवर कडाडली. "मी काल तोंडभर कौतुक करत होते आणि तू बसून ऐकलंस? एका शब्दानं बोलली नाहीस?"

"तुला पहिल्यांदाच माझे कपडे आवडले होते," मोरताई म्हणाली. "त्यात मोडता कशाला घालायचा?"

लेक तिथंच खाली बसली आणि तिनं आईच्या मांडीवर डोकं टेकलं.

वर्ष सरायच्या आत मोरताईनं काम सोडलं. लेक तिला आपल्या घरी घेऊन गेली. निघताना दादा बोळाच्या तोंडाशी आले होते म्हणे, पण काही बोलले नाहीत आणि तिला ते दिसले नाहीत. नंतर थंडीत ते छातीच्या दुखण्यानं गेले. ही बातमी लेकीनं बरेच दिवस दाबून ठेवली होती.

लेकीच्या घरी मोरताई आपली आपण कपडे घालायची. शेजारीपाजारी म्हणायचे, आंधळी बाई पण किती टापटीप! कधी चुकली नाही. पण एके दिवशी लेक कामावरून परतली तर आई रात्रीच्या गाऊनमध्येच खुर्चीत बसलेली. केस तसेच, कपाट बंद.

"बरं नाही का? सापडले नाहीत का कपडे?"

"सापडतात गं. काहीही काढलं तरी जुळतं." मोरताई थांबली. "पण घालून जायचं कुठं?"

लेकीनं कपाट उघडलं. तिनं एक शर्ट काढला आणि आईला घालायला लागली. मोरताईनं तिचे हात हळूच बाजूला केले, बटणं स्वतः लावली. मग दोघी जिना उतरून रस्त्यावर आल्या. दिवस मावळला होता, वारा गार होता. थोडं चालल्यावर मोरताई म्हणाली, दमले, आणि दोघी परत फिरल्या.