शेवटची पाने नसलेली भूतकथा

अर्जदार : मी स्वतः, व्यवसायाने अर्जलेखक, राहणार राजाजीनगर, बेंगळुरू. साक्षीदार : आमच्या मराठी मंडळाच्या ग्रंथपाल वत्सलाअक्का, माझी कन्या रेणुका, जयनगरचा ओंकार, बेळ्ळंदूरची सई. घटना : गेली सर्वपित्री अमावास्या, सकाळी, मंडळाचे कार्यालय.

भूतप्रेत या विषयावर माझा तिळमात्र विश्वास नाही, हे सुरुवातीलाच नमूद करतो.

मंडळाच्या अध्यक्षांनी पुस्तकांचे कपाट रद्दीत काढण्याचे ठरविले होते... कारण, मुले फिरकत नाहीत! परंतु दर पितृपक्षात अक्का जुन्या भूतकथा बाहेर काढून मुलांना बोलावतात. "या पंधरवड्यात नवं काही घ्यायचं नाही, सरी? मग जुनी भुतं न्या!" अशी कानडीमिश्रित शिफारस करणारी दुसरी व्यक्ती माझ्या पाहण्यात नाही.

यंदा त्यांनी एकच फाटके पुस्तक आळीपाळीने रेणुका, ओंकार, सई या तिघांना दिले. त्यातील वऱ्हाड एका विहिरीशी थांबते, एक बाई नवरदेवासाठी पोहरा सोडते... आणि पुढील पाने नाहीत.

सई म्हणाली, "आंटी, याला एंडिंगच नाहीये!"

"म्हणून तर देतेय, पुट्टी. शेवट तू घेऊन ये."

अमावास्येला अक्कांनी एकेकाला आत बोलावले, बाकीचे बाहेर. जबान्या मीच लिहून घेतल्या. तिघांचा शेवट एकच — पोहऱ्यात पाणी नाही, नवरदेवाची ओली मोजडी आहे. आणि त्याच्या पायांत दोन्ही शाबूत! तिसरी जबानी मी पहिल्या दोहोंशी दोनदा ताडून पाहिली, हे मान्य करणे भाग आहे.

"व्हॉट्सअॅपवर ठरवलं असेल पोरांनी," अध्यक्ष म्हणाले.

"काका, मी या दोघांना आज पहिल्यांदाच बघतेय," रेणुका उसळली. "नंबर तरी आहे का माझ्याकडे?" जी कन्या मराठी पुस्तकाला हात लावीत नसे, ती त्या कपाटासाठी भांडत होती! अक्का शांतपणे म्हणाल्या, "सगळी पानं असलेली प्रत मीही कधी पाहिली नाही."

कथेचा मूळ शेवट हाच, याचा पुरावा अध्यक्षांनी मागितला आहे. तोवर कपाट जागेवर आहे. मला आजही उलगडा झालेला नाही.

सबब नम्र विनंती की, ज्या वाचकाकडे ही कथा संपूर्ण असेल, त्याने शेवट लेखी कळवावा. जुळल्यास कपाट वाचेल. न जुळल्यासही कळवावे — कारण मग तिघांना तो शेवट कोणी सांगितला, याचा तपास त्या कपाटापासूनच करावा लागेल. आणि तपास संपेपर्यंत ते हलविता येणार नाही.