पाटील वाळूत असताना

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. घरात नाही, मैत्रिणींतही नाही. मी मुळातच कमी बोलते, त्यामुळे काही लपवत असेन असं कुणाला वाटत नाही — याचा मला फायदाच झाला.

आधी चांगलं सांगते. ते सांगायला मला आवडतं. बोरगाव मेघेतल्या आमच्या घरात, जिथे मे महिन्यात कूलरसमोर बसूनही ओठ फुटतात, तिथे मी समुद्रकाठचा शंखातला खेकडा चार वर्षं जगवला आहे. त्याने तीनदा कात टाकली आणि तिन्ही वेळा वाळूतून धडधाकट वर आला. असे खेकडे पाळणाऱ्यांचा एक ऑनलाइन ग्रुप आहे. त्यावर समुद्र ज्यांच्या दारात आहे अशी माणसं मला विचारतात, वाळू किती ओली ठेवायची? मी सांगते, मुठीत दाबली की लाडू वळला पाहिजे, पण पाणी गळता कामा नये. काचेच्या पेटीभोवती ओलं गोणपाट बांधायचं, क्लोरीन काढल्याशिवाय नळाचं पाणी द्यायचं नाही. हे सगळं मी स्वतः जमवलं. अभिमान आहे मला. का नसावा?

पण खेकडे दोन होते.

कॉलेज संपून हॉस्टेल सोडताना रूममेटने मला दिलेले. त्यांची नावं आत्याने ठेवली. आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. रोहणा गावी दिलेली, नवरा गेल्यावर आमच्याकडे राहायला आलेली. मोठा खेकडा भला थोरला शंख पाठीवर घेऊन ऐटीत फिरायचा, म्हणून तो पाटील. धाकटा सारखे शंख बदलायचा. तो मास्तर — कारण, ती म्हणाली, याची दर साली बदली होते. बाबा शिक्षक होते. तेही हसले.

आई-बाबा नोकरीवर, मी खोलीत अभ्यासाला. दिवसभर त्या पेटीशी बोलायची ती आत्याच. पाण्याची वाटीही तीच भरायची. त्या घरात तिचं स्वतःचं म्हणावं असं दुसरं काय होतं, हा विचार मी तेव्हा केला नव्हता.

मग पाटील वाळूत शिरला. आठवडा झाला, दोन झाले, तीन झाले. आत्या निवांत होती. लहानपणी माहेरच्या गावच्या नाल्यात तिने खेकडे धरले होते. ती म्हणाली, "थो कात टाकून राह्यला असंन. तवा खेकडा लोण्यावानी नरम राह्यते. हात नको लावू त्याले."

मला राग आला. खरं सांगायचं तर — राग यासाठी आला की तिला माहीत होतं. मी इंग्रजीतून पानंच्या पानं वाचून जे शिकत होते, ते ही बाई नाल्यावरून शिकून आली होती? एका पानावर लिहिलं होतं की कधी कधी खेकडा वाळूखालीच मेलेला असतो. मी ते धरून बसले. त्याच पानावर खाली होतं, की वास येत नसेल तर उकरू नका. तेही मी वाचलं होतं.

आत्या दोन दिवस रोहण्याला गेली, त्या दुपारी मी चमच्याने वाळू उकरली.

तो जिवंत होता. पांढुरका, सोललेल्या कोळंबीसारखा ओला, शंखातून अर्धा बाहेर. शेजारी त्याची टाकलेली कात, पाय न् नांग्यांसकट, जसा दुसरा पोकळ पाटीलच. चमचा त्याला लागला. पाय एकदा हलला. मी घाईघाईने वाळू परत लोटली, वरून हाताने सारखी केली. अगदी सफाईने केली — कुणाला कळू नये इतकी.

आत्या परत आली तेव्हा खोलीत कुजका वास होता. ती पेटीपाशी उभी राहिली आणि तिने माझ्याकडे पाहिलं. ती काही विचारण्याच्या आधीच मी बोलले. आयुष्यात मी कधी आधी बोलत नाही, त्या दिवशी बोलले. "तू वाटीत नळाचं पाणी घातलंस का? क्लोरीननं मरतात ते."

तिने आठवून पाहिलं. प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. मग म्हणाली, "एखाद्या वेळी घातलं असंन व. ध्यान नाई."

झालं. तेवढं पुरलं.

त्यानंतर तिने पेटीला हात लावला नाही. आणि मी? मी सुधारले. मास्तर पहिल्यांदा वाळूत शिरला तेव्हा मी चाळीस दिवस पेटीकडे लांबूनच पाहिलं. आज मला जे येतं, त्यातलं निम्मं त्या चमच्याने शिकवलं. पाहुणे आले की आत्या त्यांना मास्तर दाखवते, दारातूनच. "हे पोरगी हाय म्हनून एक तरी जगला," ती सांगते, "दुसरा तं माह्या हातानं मेला." आणि मी तिथे उभी असते. कौतुक ऐकते. छाती फुगते माझी — हो, तेव्हाही.

मागच्या महिन्यात मास्तर चौथ्यांदा वाळूत गेला आणि मला परीक्षेसाठी तीन दिवस नागपूरला जायचं होतं. रोज पेटीत पाणी फवारायला कुणीतरी हवं होतं. मी आत्याला विचारलं. तिने दोन्ही हात पदरात घेतले.

"नाई बाई. तुह्या बाबाले सांगजो."

तेव्हा सांगता आलं असतं. स्वयंपाकघरात आम्ही दोघीच होतो. मी बाबांसाठी कागदावर सूचना लिहून काढल्या.

बाबांनी चष्मा लावून त्या मोठ्याने वाचल्या. पहिलीच होती, काहीही झालं तरी वाळू उकरू नये. मी ती दोनदा अधोरेखित केली होती.

"वाळू कोन उकरन दादा?" आत्या पोळी लाटता लाटता म्हणाली. "तेवढं तं मलेबी समजते."

बाबा हसले. मी बॅग उचलली आणि गाडीची वेळ झाली म्हणाले. गाडीला अजून पाऊण तास होता.