न मागता आलेला चहा

कादंबरीमालिकेच्या तिसऱ्या भागात शत्रूचा सेनापती राणीच्या जखमेवर हळुवार पट्टी बांधत होता. पहिल्या भागात यानेच तिच्या गळ्याला सुरी लावली होती, तरी माझा जीव त्याच्यावर जडला होता. इतक्यात नवऱ्याने न मागता दोघांचा चहा आणून ठेवला.

"काय काम काढलंय?" मी विचारलं.

"काही नाही गं. तू वाच."

मला ते खरं वाटेना. राज्य बुडवणाऱ्याला मी एका पट्टीवर माफ केलं होतं आणि मुंगीही न मारणाऱ्या माणसाच्या कपाकडे संशयाने बघत होते. कारस्थानं वाचून मी अशी झाले, की मुळातच अशी आहे म्हणून कारस्थानं वाचते?

तो बिस्किटं आणायला आत गेला तेव्हा मी हळूच कप बदलले. त्याच्या कपातला चहा कडू लागला. डब्यात चमचाभरच साखर उरली होती, ती त्याने माझ्या कपात घातली होती.