सायकल स्टँडची कंपनी

अभिमन भदाणे बी.कॉम. झाला तेव्हा त्याच्या गावात दुसरं कुणी बी.कॉम. नव्हतं. निकाल लागला त्या दिवशी वडिलांनी गल्लीभर पेढे वाटले आणि ओळखीपाळखीने धुळ्याच्या एका जिनिंग फॅक्टरीत मुलाला चिकटवूनही दिलं. पहिल्याच दिवशी शेठने त्याला सुरतेच्या एका व्यापाऱ्याच्या नावाचा ड्राफ्ट काढायला बँकेत पाठवलं. ड्राफ्ट म्हणजे काय, चेकमध्ये आणि त्याच्यात फरक काय, यावर अभिमनने परीक्षेत पानंच्या पानं लिहिली होती. पण कोणता कागद भरायचा आणि कोणत्या खिडकीपाशी उभं राहायचं, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. विचारायची लाज वाटली. तो दिसेल त्या रांगेत उभा राहिला. नंबर आला तेव्हा कळलं की ही रांग पैसे काढणाऱ्यांची, आणि तोवर बँकेची वेळ संपली होती.

शेठ रागावला नाही. हसला आणि म्हणाला, "काय शिकवतात रे तुम्हाला तिथं?"

ते हसणं अभिमनच्या जिव्हारी लागलं. नोकरी महिनाभरही टिकली नाही. तो पुण्याला गेला, एम.कॉम. झाला आणि काही वर्षांनी जळगावच्या एका कॉलेजात कॉमर्सचा प्राध्यापक म्हणून रुजू झाला. तिथून पुढे तो सगळ्यांचा भदाणे सर.

त्या काळचं जळगाव अजून सायकलीवर चालत होतं. सकाळी असोदा, नशिराबाद, ममुराबादकडून पोरांच्या झुंडी यायच्या, हँडलला डबा, मागच्या कॅरिअरला वह्या. कॉलेजच्या फाटकाशी कडुलिंबाची चार-पाच झाडं होती, त्यांच्या सावलीत सायकल स्टँड. वर्गात मात्र सगळं साचलेलं. सर नोट्स सांगायचे, पोरं मान खाली घालून लिहायची. एकदा सरांनी विचारलं, "शेअर म्हणजे काय?" अख्ख्या वर्गाने व्याख्या घडाघडा म्हणून दाखवली. "आणि शेअर पाहिलाय कुणी?" वर्ग गप्प. सर पण गप्प झाले, कारण त्यांनी तरी कुठे पाहिला होता?

पंच्याऐंशीच्या दिवाळीनंतर स्टँडचा ठेकेदार ठेका सोडून गेला. सायकली वेड्यावाकड्या उभ्या राहायला लागल्या, रोज कुणाची तरी घंटी नाहीतर पंप गायब. सर प्राचार्यांकडे गेले. "स्टँड माझ्या कॉमर्सच्या पोरांना चालवू द्या."

प्राचार्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "भदाणे, आईबाप पोरांना सायकली राखायला पाठवतात का कॉलेजात?"

"नाही सर. कंपनी चालवायला."

प्राचार्यांना ते फारसं पटलं नाही, पण दुसरा ठेकेदार मिळेना, म्हणून एका टर्मपुरती परवानगी मिळाली. सरांच्या आईला, भागाबाईला, तर मुळीच पटलं नाही. ती गावाहून चार दिवस राहायला आली होती. भाकरी थापता थापता म्हणाली, "भाऊ, तू पोरेसले सायकली मोजाले लावस का? येन्हासाठे इतला शिकना का तू?" सर नुसते हसले.

तर अशी कंपनी निघाली. कुठे नोंदणी नाही, सरकारी शिक्का नाही, पण बाकी सगळं खरं. ऑफिसातल्या सायक्लोस्टाइलवर शेअरचे कागद काढले आणि ते पोरांनी पोरांनाच विकले. त्या पैशातून पत्र्याचे बिल्ले, साखळ्या आणि एक मोठा पंप आला. संचालक मंडळ निवडून आलं. नशिराबादचा उखर्डू कोल्हे मॅनेजर झाला. शेतकऱ्याचा पोरगा, आवाज खणखणीत, गर्दीत शिरून रांग लावण्यात पटाईत. सेक्रेटरी झाली हसीना, शिंपीकाम करणाऱ्या कादरभाईंची मुलगी. ती वर्गात कधी तोंड उघडत नसे, पण तिने लिहिलेला सभेचा वृत्तांत वाचून सर थक्क झाले. कोण काय बोललं ते तर होतंच, कोण बोलायचं टाळत होतं तेही त्यात होतं.

सरांनी एकच नियम ठेवला. सभेला ते मागे बसतील, पण मत देणार नाहीत.

हा नियम पाळणं किती जड आहे, ते त्यांना लवकरच कळलं. पहिल्याच सर्वसाधारण सभेत वसतिगृहात राहणारा पारोळ्याचा मगन उभा राहिला. "संचालकांच्या दोस्तांच्या सायकली फुकट का लागतात?"

"कुणी सांगितलं तुला?" उखर्डूने विचारलं.

"मी स्वतः उभा राहून बघितलं. मी शेअरहोल्डर आहे. मला विचारायचा हक्क आहे."

गलका झाला. बाकं वाजली. सरांना वाटलं, उठावं आणि दोघांना गप्प करावं. त्यांनी हात मांडीखाली दाबून धरले. शेवटी पोरांनीच ठराव केला की संचालक असो वा त्याचा दोस्त, पैसे भरून बिल्ला घ्यावाच लागेल. भागधारकांचे हक्क शिकवायला सरांना दरवर्षी आठवडा लागायचा. त्या वर्षी तो धडा घ्यावाच लागला नाही.

हिवाळा सरला. स्टँड शिस्तीत चाललेला बघून प्राचार्यांनी परवानगी वाढवून दिली. स्टँडवर पत्र्याचं छप्पर घालायचं ठरलं, पावसाळ्याच्या आत. पैसे जमत आले होते. आणि मग वनाची सायकल गेली.

वना असोद्याचा, आर्ट्सच्या पहिल्या वर्षाचा. नवीकोरी हिरवी सायकल. त्या दुपारी मॅच होती, कँटीनमध्ये रेडिओ लावला होता. पाळी उखर्डूची होती आणि उखर्डू स्कोअर ऐकायला जरासा आत गेला. तेवढ्यात कुणीतरी सायकल काढून नेली. पोलिसांत वर्दी दिली, गावभर शोधली, मिळाली नाही.

काही दिवसांनी वनाचे वडील लोटनभाऊ कॉलेजात आले. स्वच्छ धोतर, टोपी, हातात पिशवी. स्टाफरूमच्या दाराशीच उभे राहिले. सरांनी खुर्ची दिली तरी बसले नाहीत.

"मी भांडाले नाही आलो सर," ते म्हणाले. "पोरगं पायी येतं असोद्याहून, तेवढं तुमच्या कानावर घालाले आलो. बिल्ला त्याच्या जोळ अजून आहे. मंग सायकल कोणाले मागाची, ते सांगा."

सर म्हणाले, "भाऊ, पोरांची सभा आहे उद्या. ती ठरवतील."

लोटनभाऊंनी टोपी सारखी केली. "पोरं ठरवतील?" एवढंच म्हणून ते गेले. सरांना त्या दिवशी डबा गोड लागला नाही.

सभेला अख्खं मंडळ हजर. एक संचालक म्हणाला, "आपण पाटी लावू. सायकल मालकाच्या जबाबदारीवर ठेवावी. सगळीकडे असते."

"आता लावणार?" मगनने विचारलं. तो आता संचालक झाला होता.

"भरपाई दिली तर छपराचे पैसे जातील सगळे. भागधारक सोडतील का आपल्याला?" पहिला संचालक म्हणाला.

बराच वेळ हेच चाललं. कायदा काय सांगतो, सरांना पाठ होतं. दोन वाक्यांत त्यांना सभा संपवता आली असती. ते खिडकीबाहेर बघत बसले. मग हसीनाने पेन खाली ठेवलं.

"आपण बिल्ला दिला तेव्हा सायकल आपल्याकडे घेतली," ती हळू आवाजात म्हणाली. "परत देताना बिल्ला मागतो. मग मधल्या वेळात ती कुणाकडे होती? माझ्या अब्बांच्या दुकानात कुणाचं कापड हरवलं तर अब्बा पाटी दाखवत नाहीत."

ठराव मंजूर झाला. छपराचे पैसे सायकलीला.

दुसऱ्या दिवशी चौघं जण जब्बारभाईंच्या सायकलच्या दुकानात गेले. पोरांना वाटलं होतं, विद्यार्थी आहोत म्हटल्यावर हे सवलत देतील. जब्बारभाई गादीवरून हललेसुद्धा नाहीत. "धंदा शिकायला निघालात ना? मग भाव करा." पोरांनी दुपारभर घासाघीस केली. मगनचा घसा बसला. शेवटी एक चांगली, जवळजवळ नव्यासारखी सायकल घेऊन ती असोद्याला गेली. लोटनभाऊंनी सायकल फिरवून पाहिली, ब्रेक दाबला, मग घरात आवाज दिला की चहा टाका. निघताना त्यांनी केळीचा एक अख्खा घड मगनच्या कॅरिअरला बांधून दिला.

उखर्डू त्यांच्यात नव्हता. त्याने राजीनामा देऊन कॉलेजात येणंच सोडलं होतं. परीक्षा तोंडावर आलेली. सर रविवारी नशिराबादला गेले. उखर्डू गोठ्यात होता. सरांना पाहून त्याने घाईघाईने हात धुतले.

"मी नाही येत सर. सगळ्यांचं छप्पर माझ्यामुळे गेलं."

सर खाटेवर बसले. मग त्यांनी त्याला धुळ्याच्या बँकेतली ती दुपार सांगितली. आजवर ती कुणाला सांगितली नव्हती, बायकोलाही नाही. "मी दुसऱ्या दिवशी पुन्हा बँकेत जाऊन विचारलं असतं तर झालं असतं रे. मी गेलोच नाही. तोंड लपवलं."

उखर्डू बराच वेळ बैलाच्या पाठीवरून हात फिरवत राहिला.

सोमवारी तो आला. मॅनेजर नाही, साधा पाळीवाला म्हणून. जूनमध्ये छपराविना पाऊस आला तेव्हा सिमेंटची रिकामी पोती सीटांवर घालत भिजत फिरणारा उखर्डू सरांना स्टाफरूमच्या खिडकीतून दिसायचा. छप्पर पुढच्या वर्षी झालं. ते झालं तेव्हा उखर्डू तिसऱ्या वर्षाला होता आणि भागधारकांनी त्याला पुन्हा मॅनेजर निवडलं होतं.

कंपनी पुढे कितीतरी वर्षं चालली. दरवर्षी जुनी पोरं जायची, नवी यायची, नवी भांडणं आणायची. उखर्डू केळीच्या ट्रकांच्या धंद्यात पडला आणि सावद्याहून दिल्लीपर्यंत माल पाठवू लागला. हसीना बँकेच्या परीक्षेत पास होऊन धुळ्याला लागली. काउंटरवर कुणी गोंधळलेलं पोरगं दिसलं की ती आपणहून उठून विचारते, असं सरांच्या कानावर आलं होतं.

मग नव्वद साल उलटलं. लिंबाखाली सायकलींच्या मध्ये लुना दिसायला लागल्या, मग स्कूटर, मग मोटारसायकली. नव्या अभ्यासक्रमात प्रोजेक्ट आला, त्याला मार्क आले, आणि पोरं बाजारातून बांधीव प्रोजेक्ट विकत आणून वरचं नाव बदलून देऊ लागली. सर ते तपासायचे आणि सही करायचे. त्यांचं मन त्यात कधी लागलं नाही. नवे प्राचार्य चांगले होते, पण त्यांना वाहनतळ हवा होता, पक्क्या फरशीचा, बाहेरच्या ठेकेदाराचा. पंच्याण्णवच्या मार्चमध्ये कंपनी गुंडाळायचं ठरलं.

शेवटची सर्वसाधारण सभा दुपारी होती. सर विद्यापीठाच्या कामाला गेले होते, त्यांना यायला उशीर झाला. धापा टाकत जिना चढताना त्यांना वाटलं, पोरं थांबली असतील. दाराशी पोचले तर सभा रंगात आलेली. अध्यक्ष म्हणून पारोळ्याकडची एक बारकीशी मुलगी उभी होती. तिचं नावही सरांना चटकन आठवेना. ती विचारत होती की उरलेले पैसे वाटून घ्यायचे की वसतिगृहाच्या वाचनालयाला द्यायचे. एक मुलगा वाटणीच्या बाजूने तावातावाने बोलत होता आणि त्याचा मुद्दा बिनतोड होता.

सरांना पाहून कुणी उठलं नाही. अध्यक्षबाईंनी बोलता बोलता हातानेच मागचं बाक दाखवलं. सर पायांचा आवाज न करता गेले, बसले. उन्हाची तिरीप बाकावर पडली होती. दोन्ही बाजू ऐकता ऐकता आपण कधी हसायला लागलो, ते त्यांच्या लक्षात आलं नाही. वाटणीचा ठराव थोडक्या मतांनी पडला, मग पंपाचं काय करायचं यावर वाद सुरू झाला, आणि भदाणे सर ऐकत बसले.