आत्याने मॅडमना चहा केला

मंडळी, लालबागच्या आमच्या चाळीत आज एका ट्रस्टच्या मॅडम आल्या होत्या. माझ्या आत्याला आंघोळीला, जेवणाला मोफत बाई द्यायची की नाही, हे त्या ठरवणार होत्या.

एरवी आत्याला मी धरून उठवते. आज मॅडम दिसताच ती भिंतीच्या आधाराने उठली आणि स्वतः चहा केला.

"आंघोळ कोण घालतं तुम्हाला?"

"माझी मीच करतंय. माका काय झाला?"

मी तोंड उघडलं, तर तिने डोळे वटारले.

मॅडमनी चहा पिऊन 'मदतीची गरज नाही' असं लिहिलं.

जर्मनीतली माझी बहीण फोनवर म्हणाली, तिथे सरकारी माणूस असाच तपासायला येतो. तिच्या शेजारच्या आजींनीही त्याच्यासाठी उठून केक केला होता.

आत्ता आत्या पलंगावर पडून विचारतेय, "बाई कधीपासून येतली गो?"

काय सांगू तिला?