हळदीचे ठसे

गिर्यारोहणाच्या वर्गात कृत्रिम भिंत चढायच्या पहिल्या दिवशी शिक्षकांनी पकड सुटू नये म्हणून हाताला पांढरी पूड चोळायला दिली आणि वडीगोद्रीच्या माळावरचा काळा कातळ आठवला. हळद लागलेल्या नवरीनं घराबाहेर पडायचं नसतं, तरी ताई तिच्या हळदीच्या दुपारी मला घेऊन गुपचूप तिथं गेली. ती पुढं चढली. "हातानं वढू नको, पायावर उभी राह्य. मंग भ्या वाटत न्हाई." तिच्या ओल्या हळदीचे ठसे खडकावर उमटत होते, त्यांवरच हात ठेवत मी वर पोचले. "आपलं घर किती बारीक दिसतंय गं," म्हणत ती बराच वेळ बघत बसली. पहिल्याच बाळंतपणात ती गेली. हळदीच्या अंगानं बाहेर गेल्ती म्हणून, असं आई अजून म्हणते. शिक्षक खालून ओरडले, "आधीच्यांचे पांढरे ठसे दिसतील, तिथं हात ठेवा." डोळे पुसले तरी मला ठसेच दिसेनात.