अर्धं पाऊल मागे

आमचे मामा रंगारी. चाळीस वर्षं शिड्यांवर नि परांच्यांवर काढली, पण कधी खरचटलंसुद्धा नाही. आणि बहात्तराव्या वर्षी पडले कुठे, तर सपाट बाथरूममध्ये! हाड मोडलं नाही, पण भीती अशी बसली की माणूस पलंग सोडेना. "पुन्हा पडलो तर?" एवढंच तोंडात. मामी रडकुंडीला आल्या. मूलबाळ नाही, स्वतः सत्तरीच्या. हे अंथरुणाला खिळले तर उचलणार कोण? शेवटी मीच, समोर राहणारी भाची, मामांना जवळजवळ ओढतच तोल सांभाळायच्या वर्गाला घेऊन गेले.

तिथल्या बाई शिस्तीच्या. हात न टेकता खुर्चीतून उठायचं, एका पायावर उभं राहायचं, टाचेला चवडा लावत रेषेवरून चालायचं, आणि चालता चालता शंभरातून सात-सात वजा करायचे. डोकं दुसरीकडे गुंतलं तरी पाय चुकू नयेत म्हणून. मामांच्या हिशेबाचा आनंदच होता. त्र्याण्णवच्या पुढे पायच थांबायचे. मग बाई म्हणाल्या, आकडे राहू द्या, रंगवलेली घरं सांगा. तिथे मात्र गडी खुलला. डॉक्टरांचा बंगला, पिस्ता. मुलींची शाळा, पिवळी. पाय आपोआप पडायला लागले.

घरी सराव मामी घ्यायच्या. सोबतच्यानं बाजूला, अर्धं पाऊल मागे राहायचं, हे बाईंनी बजावलं होतं आणि मी मामींना सांगितलंही होतं. त्या कसल्या ऐकतात! लहान मुलाला चालवावं तशा हात पसरून मामांच्या पुढे उलट्या चालायच्या. म्हणायच्या, बाजूला राहिले की हे पायाकडे बघतात, समोर असले की वर बघतात. खोटं नव्हतं ते. मी हसायचे आणि गप्प बसायचे. त्याबद्दल मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

त्या सकाळी मी त्यांच्या स्वयंपाकघरात चहा ओतत होते. बाहेर घरांची यादी चालू होती. मामींची टाच उंबऱ्याला अडली आणि त्या मागच्या मागे कोसळल्या. मी धावले तेव्हा मामा जागच्या जागी ताठ उभे होते. मामींचा खुबा मोडला. तीन आठवड्यांत त्या गेल्या.

मला वाटलं, मामा आता वर्गाचं नाव काढणार नाहीत. पण हट्टानं जात राहिले, एक दिवस चुकवला नाही. पाच महिन्यांनी चाचणी झाली. रेषेच्या टोकापर्यंत गेले, वळले, परत आले. एकदाही डगमगले नाहीत. बाकीच्या म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाई म्हणाल्या, तुमचं शिकून झालं, उद्यापासून नाही आलात तरी चालेल.

मामा म्हणाले, "बाई, ती हातभर अंतरावर होती. माझा तोल जाईल म्हणून मी हातच पुढे केला नाही. समोरचं माणूस पडताना कसं धरायचं, तेवढं शिकवा. मग येणं बंद करतो."

मामा पुन्हा रेषेच्या सुरुवातीला जाऊन उभे राहिले.